येळवशीचा हिरवा दिवा

बिदरच्या मैलूर भागातल्या गल्लीत ऊन अजून उंबऱ्यापर्यंत आलं नव्हतं, तेव्हाच ती दारात उभी होती. लेकरू छातीशी धरावं तसा लॅपटॉप धरलेला, वरून पदर. ठाणाकुशनूरहून पहिल्या बसनं आलेली.

"विजयश्री बिरादार हितंच राहत्यात का?"

श्रीमंतमामांनी तिला आत घेतलं. मामा म्हणजे बसचे निवृत्त ड्रायव्हर. आता भाची विजयश्रीच्या धंद्यात जीप चालवत, मधूनमधून डोकंही चालवत. दोन्हींत जीप बरी चालायची.

भाचीचा धंदा चौकशीचा. लग्नाआधी पोराची माहिती काढणं, विम्याचे खोटे दावे पकडणं, घर सोडून गेलेलं माणूस हुडकणं. बिदर शहरात बाई असलं काम करते याचं लोकांना आधी हसू यायचं. हल्ली ते चपला बाहेर काढून आत येत.

विजयश्रीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "बोल. रडायचं असंल तर आधी रडून घे."

"रडायला न्हाई आले, अक्का," ती म्हणाली. "माझं नाव मंजुश्री. नोकरी राहू दे नाहीतर जाऊ दे. पर मी खोटं लिहिलं न्हाई, एवढं सिद्ध करून द्या. लिंगम्मा आज्जीला ते कळू द्या."

मग तिनं सगळं सांगितलं.

बेंगळुरूच्या एका कंपनीचं ती घरी बसून काम करायची. लेकं-सुना लांबच्या शहरात आणि म्हातारं माणूस गावात एकटं, अशा घरांना रोज सकाळ-दुपार फोन लावायचा. जेवलात का, गोळी घेतली का, गुडघा काय म्हणतो. मग दोन ओळींची नोंद लिहायची, ती लेकाच्या मोबाइलवर जायची. बिदर-कलबुर्गीच्या सीमेवरच्या डझनभर बायका हे काम करत. त्यांचे साहेब प्रशांतकुमार, बसायचे कलबुर्गीला.

"आम्ही काम करायलोय का झोपायलोय, हे कंपनीला कसं कळणार? म्हणून कोपऱ्यात दिवा असतोय. हात चालू असला की हिरवा, थांबला की लाल. अन् मधूनच एक खिडकी उघडती. 'आज मन कसं आहे?' खाली तीन चेहरे. हसरा, साधा, थकलेला. एक दाबल्याबिगर ती जातच न्हाई."

"तू कुठला दाबतीस?"

"साधा. चूल, सासू, लेकरू, त्यात फोन. रोज हसू कुठनं आणू? अन् मशीनसंगं तरी खोटं कामून बोलायचं?"

मामा हसले. विजयश्री हसली नाही.

"आता येळवशीचं सांग."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. हा मुलूख त्या दिवशी घरात सापडत नाही. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यावर. अशा शेतात कडब्याची कोपी करायची, दगडांचे पाच पांडव मांडायचे, पालेभाज्या-डाळींची भज्जी नि बाजरीचे उंडे खायचे, आणि आंबटगोड अंबील रानभर शिंपडत काळ्या आईची ओटी भरायची. गावाला कुलूप. कुत्रीसुद्धा बांधावर.

"कंपनीला हा सण ठाऊकच न्हाई," मंजुश्री म्हणाली. "मी सरांना फोन केला. म्हणलं, दिवस मावळेपातूर सुट्टी द्या, तेवढा लिंगम्मा आज्जीला दुपारचा फोन लावा. सर म्हणले, जा, मी बघतो, कुणाला बोलू नको. सकाळचा फोन मीच लावून निघाले. आज्जी मजेत होत्या. ओवी म्हणल्या."

"कोणती?"

मंजुश्रीनं डोळे मिटले. तिचा आवाज साधा होता, पण जात्याच्या पाळीसारखा सरळ उतरत गेला.

"माझी गं काळी आई, गेली तलावाच्या पोटी,
येळवशीच्या दिशी, कुठं सांडू अंबीलवाटी."

मामांची नजर स्वयंपाकघराकडं गेली. परवाच ते भावाच्या शेतातून अंबिलीची बाटली भरून घेऊन आले होते. ती अजून ताकाच्या भांड्याशेजारी होती.

"दुपारच्या आत आज्जी परसात पडल्या," मंजुश्री पुढं म्हणाली. "मांडीचं हाड मोडलं. फोन घरात. हाका मारल्या, पर गावात होतं कोण? दिवस मावळताना लोक परतले तेव्हा सापडल्या. अन् माझ्या नावावर दुपारची नोंद हाय. फोन तर गेलेलाच न्हाई, सगळे फोन टेप होत्यात, हा झालाच न्हाई. नुसती नोंद."

तिनं लॅपटॉप उघडला. विजयश्रीनं वाचलं, मग मामांनी वाचलं.

'आजी येळवशीला शेतात गेल्या. अंबील प्यायल्या. खुशाल.'

"सर आता म्हणायलेत, मी सुट्टी मागितलीच न्हाई. सोमवारी मीटिंग हाय. मला तर काढतीलच. पर बाकीच्यांचं घरून कामपण बंद करून कलबुर्गीला बोलावणार. लेकरं टाकून कोण जाईल तितकं लांब?"

"तुझ्या नावानं तुझं टेबल दुसरं कुणाला उघडता येतं?" विजयश्रीनं विचारलं. टेबल म्हणजे कामाची खिडकी, हे मामांना उशिरा कळलं.

"माझ्या जोडीदारणीला. सुधारानी, नौबादची. एकीचं नेट गेलं की दुसरी सांभाळती. सरांना सगळ्यांचीच उघडता येत्यात. अन् बेंगळुरूच्या मोठ्या मॅडमला."

"म्हणजे तू धरून चौघं," मामा म्हणाले.

"धरा की," मंजुश्री म्हणाली. "मला सोडून चौकशी कराल तर ती खरी कशी म्हणायची?"

विजयश्रीनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "मामा, जीप काढा."

*

नौबादला सुधारानीच्या अंगणात लाल मुरूम टाकलेला होता. तिथली मातीच ती. धुतलेल्या धोतरालाही गेरूची कड लावते. विजयश्री चपला काढताना जरा जास्तच वाकली. मामांना वाटलं, कंबर धरली असेल.

"मी दिवसभर घरीच होते, अक्का," सुधारानी विचारण्याआधीच म्हणाली. "माझा दिवा बघा, दिवसभर हिरवा. मंजीचं टेबल मी उघडलं न्हाई. तिनं मला निरोपच दिला न्हाई."

"तुमचं शेत?"

"इथं कुठलं? माहेरचं हाय, भालकीकडं."

"येळवशीला गेली नाहीस?"

"कामावर होते की." तिनं पदर नीट केला. तो नीटच होता.

"खिडकी मन कसं आहे विचारते, तेव्हा काय दाबतीस?"

सुधारानीला या प्रश्नानं बरं वाटलं. "थकलेला. नेहमीच. थकलेला दाबलं की सर फोन करून विचारत्यात, काय झालं म्हणून. दिवसभर दुसऱ्याला 'कसे आहात' विचारायचं, आपल्याला विचारणारं तेवढंच एक."

बाहेर आल्यावर मामा पुटपुटले, "बाई घाबरली. हिनंच केलं बघ."

"घाबरली ते खरं. तिच्या चपला बघितल्या का, मामा?"

"चपला काय बघायच्या?"

"टाचेखाली काळी माती वाळून बसलीय. नौबादमध्ये काळी माती मिळत नाही."

"म्हणजे ती खोटं बोलायली."

"बोलायली. पण कशाबद्दल?"

*

दवाखान्यात लिंगम्मा पायाला वजन बांधून पडल्या होत्या. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्म. लेक जगदेवप्पा पुण्याहून आलेला, उशाशी बसलेला. डोळे तांबारलेले.

"कोर्टात खेचणार मी त्यांना," तो म्हणाला. "माझ्या मोबाइलवर आलं की आई खुशाल. मी चहा पीत होतो तेव्हा. अन् अव्वा तिथं परसात..."

"नोंद वाचून शंका आली नाही?"

"गर्दीत होतो. 'खुशाल' एवढंच बघितलं." तो थांबला. "शेतात गेली म्हणे. कुठलं शेत? आमचं तलावात गेलं, आप्पा होते तेव्हाच. शेजारीपाजारी बोलावतात, पण अव्वा जात नाही. येळवशीला दार लावून बसते."

"दुसऱ्याच्या बांधावर पाहुणी म्हणून जाऊ व्हय?" लिंगम्मा वरच्या पंख्याकडं बघत बोलल्या. "माझ्या शेताची मी मालकीण होते."

विजयश्री त्यांच्या हाताशी बसली. "आज्जी, फोन वाजला होता का दुपारी?"

"वाजला असता तर सरपटत गेले असते, यव्वा. त्याचीच वाट बघत पडले. पोरगी म्हणली होती, दुपारी येतोय फोन. वाजंल, मी उचलणार न्हाई, मग ती कुणाला तरी सांगंल. ऊन भिंतीवरनं खाली उतरलं. न्हाई वाजला." त्यांनी मान भिंतीकडं वळवली. "लेकीच्या जागी मानली होती तिला. तिचा फोन आला तर मला देऊ नका."

मामा बाहेर येऊन खांबाला टेकले. त्यांनी आयुष्यभर बस वेळेवर नेली होती. कुणीतरी थांब्यावर वाट बघतंय, हे त्यांना पायातून कळायचं.

"विजू," ते म्हणाले, "जे कुणी असंल त्याला सोडू नको."

*

कलबुर्गीचं ऑफिस म्हणजे एका दुकानावरची खोली. प्रशांतकुमार तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात गोडवा. त्यानं स्वतः उठून खुर्च्या पुसल्या, चहा मागवला.

"मंजुश्री चांगली मुलगी आहे," तो म्हणाला. "पण सुट्टी तिनं मागितली नाही. मागितली असती तर मी नाही म्हटलं असतं. नियमच आहे."

"सुधारानीनं मागितली होती?"

"कुणीच नाही. बघा ना." त्यानं भिंतीवरचा मोठा पडदा लावला. येळवशीचा दिवस. एकाखाली एक नावं, प्रत्येकापुढं हिरवी पट्टी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कडेला चेहरे. सगळे हसरे.

"सणासुदीला माझी टीम अशी," तो म्हणाला. आवाजात अभिमान होता, आणि अभिमानाखाली काहीतरी दमलेलं. "बेंगळुरूला वाटतं, घरी बसलेल्या बायका काम करत नाहीत. आता बोलून दाखवा म्हणावं."

विजयश्री पडद्याकडं बराच वेळ बघत राहिली. चहावर साय धरली.

"तुम्ही त्या दिवशी कुठं होता?"

"इथंच, एकटा. आईनं डबा पाठवला होता, भज्जी नि उंडे. या टेबलावरच येळवस झाली."

"कधी एखाद्या आजोबा-आजीशी बोलता का तुम्ही?"

"मला कुठला वेळ? फोन बायका करतात. मी टीम सांभाळतो." तो हसला. "आणि त्या दिवशी कुणी उचलतं का फोन, अक्का? सगळा मुलूख बांधावर. शेतात रेंजसुद्धा येत नाही."

परतीच्या रस्त्याला दोन्हीकडं तूर उभी होती. मामांनी एक बैलगाडी मागं टाकली. मग म्हणाले, "सुधारानीच. घरी होते म्हणाली, गेली होती शेतात. टेबल उघडायला तिला येतंय. जोडीदारणीचं काम अंगावर पडलं, न करता लिहून टाकलं. संपलं."

"मामा, येळवशीला मी तुम्हाला हुडकायचं म्हणलं तर कुठं हुडकू?"

"शेतात. भावाच्या."

"आधी विचारू का कुणाला, मामा कुठं आहेत म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? येळवस हाय म्हणल्यावर—"

मामांनी जीप एकदम कडेला घेतली. पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही, पण ते कुठंतरी जवळच आहे एवढं कळलं.

"चला," विजयश्री म्हणाली. "मला पोचायच्या आधी बरेच फोन लावायचेत."

*

सोमवारची मीटिंग विजयश्रीच्याच खोलीतून झाली. मामांनी मंजुश्रीला खुर्ची दिली, आपण मागं उभे राहिले. पडद्यावर चौकटी उघडल्या. बेंगळुरूच्या मॅडम, केस पांढरे, चष्मा कपाळावर. प्रशांतकुमार, तोच शर्ट. सुधारानी, मागं नौबादची निळी भिंत. जगदेवप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यातून.

मॅडम कन्नडात बोलल्या. "मला कारण नको, नाव हवं."

"नावाआधी नोंद वाचा, मॅडम," विजयश्री म्हणाली. "'आजी येळवशीला शेतात गेल्या. अंबील प्यायल्या. खुशाल.' तुम्हाला येळवस माहीत आहे?"

"नाही. नेटवर शोधलं मी, परवा."

"म्हणजे तुम्ही हे लिहिलं नसतं. तुमच्याकडच्या कुणीही लिहिलं नसतं. तुम्ही लिहिलं असतं, 'आजी जेवल्या, खुशाल.' हे लिहिणारं माणूस इथल्या मातीचं आहे. त्यानं फोन लावला नाही. त्याला लावायची गरज वाटली नाही. येळवशीच्या दुपारी माणूस कुठं असतं, हे इथं कुणी विचारत नाही. परमुलखातल्या माणसानं केली नसती अशी ही चूक आहे."

मामांचं अर्धं राहिलेलं वाक्य तिथं पुरं झालं.

"मग मंजुश्रीनंच लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "तीही इथलीच."

"मी मागितलेला सकाळचा टेप लावा."

टेप लागला. खरखर, मग म्हाताऱ्या गळ्यातली ओवी. 'माझी गं काळी आई, गेली तलावाच्या पोटी...' जगदेवप्पानं चेहरा फिरवला. ओवी संपली तसा मंजुश्रीचा आवाज आला, "दार लावून बसू नका आज्जी, दुपारी फोन येतोय."

"लिंगम्मांना शेत नाही, त्या येळवशीला घराबाहेर पडत नाहीत, हे या मुलीनं त्याच सकाळी कानानं ऐकलं," विजयश्री म्हणाली. "तिला खोटंच लिहायचं असतं तर तिनं 'आजी घरी आहेत' लिहिलं असतं. शेत लिहिणारा माणूस येळवस ओळखतो, पण लिंगम्मांना ओळखत नाही. मंजुश्री सुटली. उरले दोघं."

सुधारानीच्या चौकटीत हालचाल झाली.

"सुधारानी, तुझ्या चपलांना काळी माती होती. तू भालकीकडं शेतात होतीस. तिथून टेबल उघडलंस का?"

"न्हाई. देवाची आण, न्हाई."

"तू नव्हतीस, मग तुझा दिवा हिरवा कसा? आणि चेहरा हसरा कसा? तू तर कायम थकलेला दाबतीस."

सुधारानीनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढून सरळ बोलली. "सरांनी मला सुट्टी दिली होती. म्हणले, कुणाला बोलू नको. त्यांच्यावर बालंट येईल म्हणून मी बोलले न्हाई."

मंजुश्री गर्रकन मामांकडं वळली. "मलापण हेच म्हणले होते."

"सगळ्यांनाच हेच म्हणाले," विजयश्री म्हणाली. "मी एकेकीला फोन लावला. प्रत्येकीनं आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. प्रत्येकीला वाटत होतं, उपकार आपल्या एकटीवरच झालाय. त्या उपकारापोटी सगळ्या गप्प होत्या. येळवशीला तुमची अख्खी टीम बांधावर होती, मॅडम. आणि सगळे दिवे हिरवे होते. साधा दाबणारी, थकलेला दाबणारी, त्या दिवशी सगळ्यांचं मन हसरं. इतक्या बायकांचं मन एकसारखं होत नाही. तो एकच हात होता. सगळ्यांची टेबलं उघडणारा आणि येळवस ओळखणारा हात एकच आहे."

प्रशांतकुमारनं कुठंही पाहिलं नाही. तो म्हणाला, "सुरुवातीचे फोन लावले मी. कुणी उचलले नाहीत. म्हटलं, शेतात असतील सगळे. मग लावायचं सोडून दिलं, नुसतं लिहीत गेलो."

"का?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होता, एक दिवस पट्टी लाल दिसली तर घरून काम बंद. येळवशीला कुणी बसणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. माझी आईसुद्धा बसली नसती. ठाणाकुशनूरची बाई कलबुर्गीला येणार होती का रोज? मला टीम राखायची होती." त्याचा आवाज चिरकला. "हसरे चेहरे दाबताना वाटलं, खरंच तिकडं हसतच असतील."

"अन् माझी नोकरी घालवताना काय वाटलं, सर?" मंजुश्रीनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "राखायचं होतं तर उघड भांडायचं होतं. आम्ही सगळ्या मागं उभ्या राहिलो असतो. एकेकीला गुपचूप सोडलंत, म्हणून एकेकटी पडलो."



"दिवा तुम्ही लावला, मॅडम," विजयश्री म्हणाली. "माणूस आहे का ते बघायला. पण तो हातच बघतो. मन कसं आहे हे तुमच्या खिडकीनं त्या दिवशी किती वेळा विचारलं, आणि उत्तर द्यायला तिथं कुणीच नव्हतं."

मॅडमनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. "दिव्याचं काय करायचं, आज सांगता येत नाही मला. प्रशांतकुमार, तुम्ही मला वेगळा फोन करा. मंजुश्री, तुझं टेबल तुझ्याकडंच राहील. अजून काही?"

"व्हय," मंजुश्री म्हणाली. "येळवशीला उघड सुट्टी पाहिजे. अन् त्या दिवशी ज्यांना शेत न्हाई, ते आम्हाला ठाऊक हायत. त्यांना आम्ही बांधावरनं फोन लावू. रेंज नसंल तर झाडावर चढून लावू. त्याला दिवा लागत न्हाई."

 मॅडम कागदावर काहीतरी लिहिताना दिसल्या.

चौकटी एकेक करून मिटल्या. जगदेवप्पाची तेवढी राहिली. तो उठून आत चालत होता. पडद्यावर दवाखान्याचं छत हलत होतं. "अव्वानं पडल्या पडल्या, उघड्या दारातून सगळं ऐकलंय," तो म्हणाला. "तुम्ही लावा फोन. तिच्याकडं द्यायचा की नाही ते तीच सांगेल."

मंजुश्रीनं आपल्या मोबाइलवरून आज्जींचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. मामांना वाटलं आता थांबेल, आता थांबेल. विजयश्रीनं त्यांच्याकडं पाहून मान हलवली, थांबा.

रिंग थांबली. पलीकडं श्वास होता, म्हाताऱ्या माणसाचा, सावकाश.

मंजुश्रीनं तोंड उघडलं. रोजचाच प्रश्न ओठांवर होता, पण फुटेना.

तेव्हा तो प्रश्न पलीकडूनच आला.

"मंजे," लिंगम्मा म्हणाल्या, "जेवलीस का?"